लाल तारा परत येतो तेव्हा

दोस्तांनो, ड्रॅगन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? डोंगरातल्या गुहेत सोन्याच्या ढिगावर वेटोळं घालून पडलेला, जवळ येईल त्याला जाळून राख करणारा खवल्याखवल्यांचा राक्षस! मग कुणीतरी शूर सरदार येणार, तलवार उपसणार, त्या राक्षसाला मारणार आणि राजकन्येला सोडवणार. युरोपातल्या कितीतरी गोष्टींत हे असंच चालत आलंय. तिकडे चीनमध्ये ड्रॅगन शुभ मानतात, पाऊस आणणारा समजतात. पण इंग्रजी गोष्टींतला ड्रॅगन बहुतेक वेळा खलनायकच.

ॲन मॅकॅफ्री या अमेरिकन लेखिकेनं हा प्रकार उलटा करायचं ठरवलं. ड्रॅगन माणसाच्या बाजूनं लढले तर? आणि तेही जादूच्या राज्यात न ठेवता, दूरच्या एखाद्या ग्रहावर, विज्ञानाला धरून? १९६७ साली ‘वीअर सर्च’ नावाची त्यांची दीर्घकथा ‘ॲनालॉग’ या विज्ञानकथांच्या मासिकात छापून आली. मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल विज्ञानाच्या बाबतीत भलतेच काटेकोर. त्यांनी ड्रॅगनची गोष्ट छापली, यातच काय ते आलं! पाठोपाठ पुढची कथा आली आणि १९६८ मध्ये दोन्ही मिळून ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही कादंबरी तयार झाली. (ड्रॅगनफ्लाय म्हणजे चतुर. हे पुस्तक चतुराविषयीचं समजून कुणी जीवशास्त्राच्या कपाटात ठेवू नये म्हणून सांगितलं.)

गोष्ट घडते पर्न नावाच्या ग्रहावर. माणसं पृथ्वीवरून तिथं येऊन वसली, त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झालीत. इतकी वर्षं, की आपले पूर्वज दुसऱ्या ग्रहावरून आले हेसुद्धा लोक विसरून गेलेत. यानं नाहीत, संगणक नाहीत. दगडी गढ्यांमधून राहायचं, शेती करायची, मासेमारी करायची. या गढ्यांना ते ‘होल्ड’ म्हणतात.

पर्नच्या सूर्याभोवती आणखी एक पाहुणा फिरतो. त्याचं नाव लाल तारा. तारा कसला, तो एक भटका ग्रह आहे. त्याची कक्षा इतकी लांबट, की तो पर्नच्या जवळ येतो, पन्नास वर्षं आसपास रेंगाळतो आणि मग दोनशे वर्षं दूर निघून जातो. आपल्याकडे हॅलेचा धूमकेतू असाच लांबट कक्षेतून फिरतो. १९१० साली तो आला, मग १९८६ साली आला, आता २०६१ साली येईल. हॅलेचा धूमकेतू आयुष्यात दोनदा बघणारी माणसं थोडी असतात, पण असतात. लाल ताऱ्याचं तसं नाही. तो गेला की पुन्हा येईपर्यंत सहा-सात पिढ्या उलटतात. आणि तो येताना एक भयंकर गोष्ट घेऊन येतो.

चंदेरी धाग्यांचा पाऊस! आकाशातून लोंबत, वळवळत हे धागे खाली येतात. अंतराळातून आलेले हे एक प्रकारचे बीजाणूच. झाड, गवत, गाय, माणूस, जे जिवंत आहे किंवा होतं, ते सगळं हे धागे खाऊन टाकतात. मातीत शिरले तर तिथं वाढतात आणि बघता बघता शेत ओसाड पडतं. दगड आणि धातू मात्र त्यांना खाता येत नाही. पाण्यात ते बुडून मरतात. फार थंडी असेल तर वरच्या वर गोठून त्यांची काळी भुकटी होते. आणि आगीत जळतात. म्हणून तर आग ओकणारे ड्रॅगन हवेत!

हे ड्रॅगन आग कशी ओकतात ते बघा. पर्नवर एक खडक मिळतो, त्याला ‘फायरस्टोन’ म्हणतात. ड्रॅगन तो कडाकडा चावून गिळतो. त्याला दुसरं पोट असतं, खडक त्यात जातो. तिथं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि ड्रॅगननं तो बाहेर सोडला, की हवेशी गाठ पडून भडका उडतो. खडक संपला की आग संपली. मग पाठीवरचा स्वार पिशवीतून आणखी खडक भरवतो. रॉकेलचा स्टोव्ह जसा रॉकेल असेपर्यंतच जळतो, तसंच हे. जादूचा ड्रॅगन वाटेल तेव्हा आग काढतो, पण पर्नच्या ड्रॅगनला इंधन लागतं, तो दमतो, त्याचे पंख भाजतात आणि त्याला अपचनसुद्धा होतं!

ड्रॅगन मुळात आले कुठून, हे लेखिकेनं वीस वर्षांनी, १९८८ साली ‘ड्रॅगन्सडॉन’ या कादंबरीत सांगितलं. मला विचाराल तर विज्ञानाच्या दृष्टीनं सगळ्यांत मजेदार भाग इथं आहे. पृथ्वीवरून सुमारे सहा हजार माणसं तीन यानांतून पर्नवर येतात. युद्धांना आणि यंत्रांच्या कटकटीला कंटाळलेली ही माणसं. साधी शेती करून राहायचं, या विचारानं आलेली. परत जायला इंधन नाही. आठ वर्षं सुखात जातात आणि एके दिवशी अचानक धाग्यांचा पाऊस पडतो. त्यांच्याजवळ उडती वाहनं असतात, पण त्यांच्या बॅटऱ्या किती दिवस पुरणार? सुटे भाग कुठून आणणार? आणि पाऊस तर पन्नास वर्षं पडणार!

याआधीच सोर्का नावाच्या मुलीची तिथल्या एका छोट्या प्राण्याशी दोस्ती झालेली असते. हा हातावर बसणारा पंखवाला सरडा. हे सरडे तो विशिष्ट खडक चघळून धाग्यांवर आग फेकतात! किटी पिंग नावाची वयोवृद्ध शास्त्रज्ञ बाई मग या सरड्यांच्या जनुकांत फेरफार करते आणि माणसाला पाठीवर घेईल असा मोठा प्राणी तयार करते. कारण सरळ आहे. यंत्र मोडलं की संपलं. प्राणी पिल्लं घालतो, पिल्लं मोठी होतात, त्यांचं इंधन डोंगरात सापडतं. पन्नास वर्षांच्या लढाईला आणि पुढच्या प्रत्येक लढाईला पुरेल असं शस्त्र हवं असेल, तर ते जन्माला येणारंच हवं. जनुकांची जुळवाजुळव करून नवा प्राणी घडवणं १९८८ साली फार दूरची कल्पना होती. इतका मोठा फेरफार आजही कुणाला जमलेला नाही, पण जनुकात हवा तिथं बदल करण्याचं तंत्र आज प्रयोगशाळांत रोज वापरलं जातं.

या ड्रॅगनची आणखी दोन वैशिष्ट्यं सांगायलाच हवीत. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू समोर उभ्या असलेल्या मुलामुलींतून एकाची निवड करतं, आणि त्या क्षणापासून दोघांची मनं जोडली जातात. दोघं न बोलता बोलतात. ही जोडी जन्माची. स्वार मेला तर ड्रॅगनही जगत नाही. त्यामुळे पिल्लू बाहेर येतं तेव्हाचा प्रसंग वाचताना आपल्याच छातीत धडधडायला लागतं. आणि दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ड्रॅगन एका ठिकाणाहून नाहीसा होऊन दुसऱ्या ठिकाणी प्रकट होऊ शकतो. मध्ये काही क्षण गडद अंधार आणि हाडं गोठवणारी थंडी. या जागेला ते ‘बिट्वीन’ म्हणतात, आपण ‘अधेमधे’ म्हणू. यात मात्र एक धोका आहे. जायचं ठिकाण स्वाराच्या डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ उभं राहायला हवं. चित्र धूसर असेल तर दोघं कधीच बाहेर येत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ‘ड्रॅगनफ्लाइट’ सुरू होते तेव्हा धागे पडून चारशे वर्षं झालेली असतात. एक फेरी चुकलेली आहे. लाल ताऱ्याच्या कक्षेत थोडाफार फरक पडला, की कधीकधी तो पुरेसा जवळ येत नाही. लोकांना वाटतं, संपलं ते संकट! किंवा ते कधी नव्हतंच, म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत सगळ्या. ड्रॅगन आणि त्यांचे स्वार जिथं राहतात त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या खोलगट मुखाला ‘वीअर’ म्हणतात. अशा सहा वीअरपैकी पाच ओस पडलेत आणि एकच कसाबसा चालू आहे. होल्डचे सरदार कुरकुरतात, की या ड्रॅगनवाल्यांना आपण धान्य का द्यायचं? काम ना धंदा! दगडी गढीच्या आसपास गवताचं पातंही उगवू द्यायचं नाही, हा जुना नियम. धाग्यांना खायला काही मिळू नये म्हणून केलेला. आता गढ्यांच्या दारापर्यंत हिरवळ आलीय. फ्लार नावाचा ड्रॅगनस्वार ती हिरवळ बघतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. वाचकाला हिरवळ बघून भीती वाटावी, हे लेखिकेनं कसं साधलं ते बघण्यासारखं आहे.

फ्लारजवळ पुरावा काय? जुन्या, किडक्या नोंदी. डोंगरावर पूर्वजांनी रोवून ठेवलेले दोन दगड, ज्यांच्यामधून ठराविक दिवशी पहाटे लाल तारा दिसला तर समजावं की तो येतोय. आणि गाणी! पर्नवर मुलांना शिकवतात ते गाण्यांतून. धागे कसे असतात, काय करायचं, कुठं लपायचं, सगळं गाण्यांत बांधलेलं. पण लोकांना ती गाणी जुनाट वाटायला लागलेली असतात. काही ठिकाणी तर सरदारांना न आवडणारी गाणी म्हणायचीच बंद होतात.

इथं मला पुस्तक बाजूला ठेवून एक खरी हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलुए नावाचं बेट आहे. १९०७ साली तिथं मोठा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली आणि खूप माणसं वाहून गेली. जे वाचले, त्यांनी त्या लाटेला ‘स्मोंग’ हे नाव दिलं आणि तिची आठवण गोष्टींत, अंगाईगीतांत घातली. त्यातली शिकवण अशी, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं सरला तर काही गोळा करत बसू नका, डोंगराकडे पळा. आजीनं नातवंडांना सांगायचं, त्यांनी आपल्या नातवंडांना. ९७ वर्षं गेली. २६ डिसेंबर २००४ या दिवशी जमीन हलली. भूकंपाच्या केंद्राजवळच्या या बेटावर लाट काही मिनिटांतच पोचली. धोक्याची सूचना देणारं कोणतंही यंत्र तिथं नव्हतं. लोक ‘स्मोंग, स्मोंग’ असं ओरडत डोंगरावर धावले. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर फक्त सात माणसं दगावली. त्याच त्सुनामीनं आपल्या देशात दहा हजारांहून जास्त जीव घेतले. कित्येक किनाऱ्यांवर समुद्र मागं गेला तेव्हा लोक कुतूहलानं बघत उभे राहिले होते.

मॅकॅफ्रींनी कादंबरी लिहिली तेव्हा हे घडलेलं नव्हतं. पण लांब अंतरानं येणारं संकट आणि ते विसरून जाणारी माणसं, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. ड्रॅगन, आग, उड्डाणं हे सगळं फार रंगतदार आहे, पण पुस्तकातली खरी लढाई विसरण्याशी आहे.

आता कादंबरीच्या नायिकेबद्दल थोडं. लेसा ही रुआथा होल्डच्या सरदाराची मुलगी. फॅक्स नावाच्या जुलमी माणसानं तिचं सगळं कुटुंब मारलं आणि होल्ड बळकावला. लेसा तेवढी वाचली. दहा वर्षं ती स्वतःच्याच घरात मोलकरीण बनून, तोंडाला राख फासून राहते आणि फॅक्सला या होल्डचा एक दाणाही फायदा होऊ नये, याची गुपचूप व्यवस्था करत राहते! तिला पुढं सोनेरी राणी-ड्रॅगन निवडते, तिचं नाव रॅमोथ. वीअरमधले जुने लोक सांगतात, राणीनं उडायचं नाही आणि तिच्यावर बसणाऱ्या बाईनं तर नाहीच, तशी पद्धत नाही. लेसा कशी ऐकेल? ती चिडकी आहे, हट्टी आहे, कधीकधी स्वार्थीही वाटते. गोडगुलाबी नायिकांपेक्षा मला ती जास्त आवडते.

तिला रोज जुनी गाणी घोटवून घेतात. त्यांतलं एक गाणं मात्र म्हणायचं नाही, असं बजावतात. चारशे वर्षांपूर्वी पाच वीअरमधले सगळे ड्रॅगन, सगळी माणसं अचानक नाहीशी झाली. लढाई नाही, रोग नाही. ते गेले कुठे, असं ते गाणं विचारतं. आणि आता धागे परत येणार, तर पर्नजवळ सहापैकी एकाच वीअरचे ड्रॅगन आहेत. उत्तर मी सांगणार नाही. दोन धागेदोरे देतो. रुआथामध्ये भिंतीवर टांगायचा एक जुना विणलेला पडदा होता, त्यावरचं चित्र महत्त्वाचं आहे. आणि वर ‘अधेमधे’विषयी जे सांगितलं ते पुन्हा वाचा. डोळ्यांपुढे उभं केलेल्या ठिकाणी ड्रॅगन नेतो. ठिकाणाऐवजी वेळ डोळ्यांपुढे उभी केली तर? आठवी-नववीतल्या चलाख वाचकाला एवढं पुरे. पण उत्तर सापडल्यावर एक नवं कोडं डोकं खायला लागेल, की आधी काय घडलं आणि नंतर काय! त्यावर घरी वाद घाला.

एक गंमत राहिलीच. जमिनीवर पडलेले धागे मारायला पर्नचे लोक एक द्रव फवारतात, त्याला ते ‘एजेनोथ्री’ म्हणतात. हे नाव कुठून आलं ते त्यांना माहीत नाही. तुम्ही मात्र ते सावकाश, अक्षरं सुटी करून म्हणून बघा. एच-एन-ओ-थ्री! नायट्रिक आम्लाचं रासायनिक सूत्र! पृथ्वीवरून आलेलं रसायनशास्त्र लोक विसरले, पण सूत्र तोंडात घोळून घोळून शब्द बनून उरलं.

सगळंच विज्ञान काटेकोर आहे असं मात्र नाही. अंतराळातून बीजाणू जिवंत खाली येतील का? फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की सूक्ष्म जीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत. हॉईल हे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. २००५ साली हैदराबादहून एक मोठा फुगा आकाशात सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. इस्रोच्या या प्रयोगात नारळीकर प्रमुख होते. ती हवा तपासली हैदराबादच्या आणि आपल्या पुण्याच्या प्रयोगशाळांनी. तिच्यात तीन अगदी नव्या जातींचे जीवाणू सापडले! २००९ साली ते जाहीर झालं. एकाला हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. ते अंतराळातूनच आले, असं यातून सिद्ध होत नाही. कदाचित इथूनच वर गेले असतील. पण इतक्या उंचीवर, अतिनील किरणांच्या माऱ्यातही जीव टिकून राहतो, हे खरं. माणूस खाणाऱ्या धाग्यांपर्यंत मजल जायला मात्र फार मोठी उडी लागते, आणि ती लेखिकेनं खुशाल मारलीय.

‘वीअर सर्च’ला १९६८ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या मॅकॅफ्री पहिल्या स्त्री. पुढं त्या आयर्लंडला जाऊन राहिल्या, पर्नवर एकामागून एक पुस्तकं लिहीत गेल्या. २०११ साली तिथंच त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा टॉड यानंही पर्नच्या गोष्टी लिहिल्या.

आईबाबांसाठी दोन शब्द. ‘ड्रॅगनफ्लाइट’ मोठ्यांसाठी लिहिलेली आहे. त्यात मारामारी आहे, स्त्री-पुरुषांचे संबंध आहेत. दहावीच्या पुढच्यांनी ती वाचावी. लहानांनी सुरुवात करावी ती १९७६ च्या ‘ड्रॅगनसाँग’पासून. तिची नायिका मेनोली. ती कोळ्यांच्या होल्डमधली, गाण्याचं वेड असलेली मुलगी. मुलींनी गाणी रचणं बापाला मंजूर नाही, म्हणून ती घर सोडते, समुद्रकाठच्या गुहेत राहते आणि त्या छोट्या आगवाल्या सरड्यांची नऊ पिल्लं तिच्या गळ्यात पडतात. अक्षरशः! इंग्रजी सोपं आहे. अडलेले शब्द सोडून पुढं गेलं तरी चालतं.

आणि पर्नचा सूर्य तुम्हाला खरोखर बघता येईल. त्याचं नाव पुस्तकात रुकबात आहे, आणि या नावाचा तारा धनु राशीत खरंच आहे. अरबी भाषेत त्याचा अर्थ धनुर्धराचा गुडघा. पुस्तकात तो आपल्या सूर्यासारखा सोनेरी आहे, खरा रुकबात निळसर पांढरा आणि कितीतरी जास्त तापलेला. एवढे तापलेले तारे फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे त्याच्याभोवती जीवसृष्टी उभी राहायला वेळच मिळायचा नाही. लेखिकेनं बहुधा नाव आवडलं म्हणून घेतलं असावं. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला बघा. धनु राशीतले ठळक तारे मिळून चहाच्या किटलीसारखा आकार होतो. त्या किटलीच्या खाली, डाव्या हाताला, क्षितिजाच्या जरा वर एक अंधूक तारा दिसेल. शहरातल्या दिव्यांत तो दिसायचा नाही. गावाबाहेर, दक्षिणेला डोंगर किंवा झाडी नसलेली जागा शोधा, आणि दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.